साठ मीटरची शर्यत



१९६४ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोला अपंगांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या. चाकाच्या खुर्च्यांची धावशर्यत त्या वर्षी पहिल्यांदा ठेवली गेली. तिचं अंतर होतं साठ मीटर. आपल्याकडे शाळेच्या वार्षिक खेळांतसुद्धा मुलं शंभर मीटर पळतात. मग जगभरातून आलेल्या, दंड कमावलेल्या या खेळाडूंना साठ मीटरवर का थांबवलं? कारण त्याहून लांबची शर्यत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या शरीराला झेपणार नाही, असं त्या काळच्या वैद्यकीय मंडळींचं मत होतं. मत प्रामाणिक होतं, काळजीपोटी होतं. पण खुर्ची ढकलणाऱ्याला ते कुणी विचारलेलं नव्हतं.

अपंगांच्या खेळांचा सुरुवातीचा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. तो पदकांच्या यादीने मांडता येतो, स्पर्धांच्या क्रमानेही मांडता येतो. मी तो एका प्रश्नाच्या अंगाने मांडणार आहे. एखाद्या शरीराला किती झेपेल, हे ठरवायचा हक्क कुणाचा? या इतिहासातल्या प्रत्येक वळणावर हा प्रश्न उभा आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी थोडं थोडं बदलत गेलं आहे.

बहुतेक जण ही गोष्ट १९४८ पासून सांगतात. मी चोवीस वर्षं मागे जातो. १० ऑगस्ट १९२४ रोजी पॅरिसमध्ये कर्णबधिरांचे पहिले आंतरराष्ट्रीय खेळ सुरू झाले. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात ऑलिम्पिक होऊन गेलं होतं. नऊ देशांतले १४८ खेळाडू आठवडाभर धावले, पोहले, सायकली चालवल्या, फुटबॉल खेळले. हे सगळं घडवून आणणारी दोन माणसं होती, फ्रान्सचा युजेन रुबेन्स-अल्के आणि बेल्जियमचा अँत्वान द्रेस. दोघेही स्वतः कर्णबधिर. या खेळांना कुणा डॉक्टरची शिफारस नव्हती, कुणा धर्मादाय संस्थेची सावली नव्हती. खेळाडूंनी स्वतःच मैदान शोधलं, स्वतःच नियम बसवले, आणि खेळ संपता संपता आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन केली.

एवढी हिंमत कुठून आली, ते पाहायचं तर अजून मागे जावं लागेल. १८८० साली मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी एक परिषद भरली. शाळांमध्ये खाणाखुणांची भाषा बंद करावी आणि फक्त तोंडी बोलणं शिकवावं, असा ठराव तिने केला. ठरावाला हात वर करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. पुढे युरोपभरच्या शाळांतून मुलांच्या हातांची भाषा दडपली गेली. ती टिकली ती घरात, आणि कर्णबधिरांच्या मंडळांमध्ये. बर्लिनमध्ये कर्णबधिरांचं क्रीडामंडळ १८८८ सालीच निघालं होतं. खेळाच्या निमित्ताने एकत्र यायचं आणि मैदानाच्या कडेला मनसोक्त आपल्या भाषेत बोलायचं, ही सोय त्या मंडळांनी केली. म्हणून १९२४ चे खेळ मला फार मोठे वाटतात. ज्यांच्या भाषेचा निर्णय परक्यांनी केला, त्यांनी आपल्या खेळाचा निर्णय मात्र दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही.

दुसरी वाट रुग्णालयातून आली. ती जास्त प्रसिद्ध आहे आणि जास्त वेदनेची आहे. तिच्यावर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण खेळ नावाची गोष्ट मृत्यूच्या किती जवळून निघू शकते हे तिथे दिसतं.

मज्जारज्जूला इजा झाली की काय होतं? इजेच्या जागेच्या खालची जाणीव जाते. टोचतंय, दुखतंय हे कळत नाही, म्हणून माणूस कूस बदलत नाही. आणि कळलं तरी बदलता येत नाही. एकाच जागी तासन्‌तास दाब पडला की कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. ती आत उतरत हाडापर्यंत जाते. दुसरीकडे मूत्राशयावरचा ताबा सुटतो. लघवी तुंबते, ती काढायला नळी घालावी लागते, नळीबरोबर जंतू शिरतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेल्या सैनिकांपैकी सुमारे ऐंशी टक्के दगावले. मारलं ते गोळीने नाही, या दोन गोष्टींनी. इजिप्तमधला साडेतीन हजार वर्षांहून जुना एक वैद्यकीय पपायरस आहे. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाची लक्षणं त्यात अचूक लिहिली आहेत, आणि पुढे हा आजार उपचार करण्याजोगा नाही, असा शेरा मारला आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत त्या शेऱ्यात फारसा बदल झालेला नव्हता.

लुडविग गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा. अप्पर सायलेशियातल्या टोस्ट गावचा. तो भाग तेव्हा जर्मनीत होता, आज पोलंडमध्ये आहे. १९१७ साली, अठराव्या वर्षी, ते कोळसा खाणींच्या प्रदेशातल्या एका अपघात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करत होते. एक धिप्पाड तरुण खाणकामगार कणा मोडून तिथे आला. त्याला प्लास्टरमध्ये घालून पडद्याआड ठेवण्यात आलं. गुटमान त्याची माहिती लिहू लागले तेव्हा कुणीतरी सांगितलं, कशाला लिहितोस, काही आठवड्यांचा सोबती आहे. पाच आठवड्यांनी तो गेला. हा प्रसंग गुटमान आयुष्यभर सांगत राहिले.

पुढे ते ब्रेस्लाऊमध्ये त्या काळचे नामवंत मज्जाशल्यविशारद ओटफ्रिड फर्स्टर यांच्या हाताखाली तयार झाले. १९३३ साली हिटलरची सत्ता आली आणि ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली. ते ज्यूंच्या रुग्णालयात गेले आणि पुढे तिथले प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. दारात येईल त्या माणसाला काहीही न विचारता दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमान यांनी सोडला. चौसष्ट माणसं दाखल झाली. सकाळी गेस्टापोचे अधिकारी आले, तेव्हा एकेका खाटेपाशी उभं राहून गुटमान यांनी आजारांची नावं सांगितली, काही खरी, काही तिथल्या तिथे रचलेली. त्यांतले साठ जण वाचले. पुढल्या वर्षी मार्चमध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोचले.

ऑक्सफर्डमध्ये संशोधनाचं काम मिळालं, पण रुग्ण हाताखाली नव्हते. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने दुसऱ्या आघाडीची तयारी सुरू केली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या की कणा मोडलेले सैनिक शेकड्याने येतील, हा हिशेब होता. त्यांच्यासाठी लंडनच्या वायव्येला एल्सबरीजवळ, स्टोक मँडेविल इथल्या रुग्णालयात वेगळा विभाग काढायचं ठरलं. गुटमान यांनी एक अट घातली: माझ्या पद्धतीत कुणी ढवळाढवळ करायची नाही. अट मान्य झाली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो विभाग सुरू झाला.

पद्धत काय होती? प्लास्टर काढून टाकायचं. दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. अंगाखाली उशा कुठे ठेवायच्या, हे ठरवून द्यायचं. लघवीची नळी निर्जंतुक हातांनीच घालायची. बस्स. यात कुठलं नवं औषध नाही, कुठली विलक्षण शस्त्रक्रिया नाही. पेनिसिलिन हाताशी आलं होतं, त्याची मदत झाली. पण मुख्य गोष्ट दर दोन तासांची ती पाळी. दिवसात बारा वेळा, प्रत्येक खाटेपाशी. गुटमान स्वतः अपरात्री येऊन ती पाळली जाते की नाही, ते बघत. या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराक्रम कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी त्या रात्रपाळीच्या परिचारिकांचं आणि वॉर्डातल्या मदतनिसांचं नाव घेईन. त्यांच्यामुळे माणसं जगली. आणि माणसं जगल्यावर प्रश्न आला, आता पुढे काय?

वीस-बावीस वर्षांची मुलं होती ती. पाय गेलेले, लग्न मोडलेलं किंवा ठरायचं राहिलेलं, हातात काम नाही. घरच्यांनी आणि समाजाने त्यांच्यासाठी मनात एकच जागा धरलेली, खाटेची. गुटमान यांनी कार्यशाळा काढल्या. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती. आणि थॉमस हिल नावाच्या, कवायत शिकवणाऱ्या लष्करी निदेशकाच्या साथीने त्यांनी खेळ सुरू केला. आधी चाकाच्या खुर्चीतला पोलो. आखूड केलेल्या काठ्या आणि घरंगळणारी चकती. म्हणतात की गुटमान आणि हिल स्वतः खुर्च्यांत बसून तो आधी खेळून पाहत. पोलोत टकरा फार व्हायच्या, म्हणून तो मागे पडला आणि त्याची जागा बास्केटबॉलसारख्या खेळाने घेतली. टेबल टेनिस आलं, स्नूकर आलं, आणि तिरंदाजी आली.

तिरंदाजीवर गुटमान यांचा विशेष जीव होता आणि त्याला शास्त्रीय आधार होता. आपल्या पाठीवर लॅटिसिमस डॉर्साय नावाचा रुंद स्नायू आहे. त्याचे मज्जातंतू मानेच्या भागातून निघतात, पण त्याचं खालचं टोक कंबरेच्या हाडापर्यंत पोचतं. म्हणजे छातीखाली इजा झालेल्या माणसातही हा स्नायू शाबूत असतो आणि जिवंत भागाला निर्जीव भागाशी जोडून ठेवतो. तो कमावला की माणूस खुर्चीत तोल सांभाळून ताठ बसू शकतो. धनुष्याची दोरी ओढताना नेमका हाच स्नायू कामाला लागतो. शिवाय लक्ष्यावर नेम धरणाऱ्याचे पाय चालतात की नाही, याच्याशी बाणाला काही देणंघेणं नसतं. पाय असलेल्या तिरंदाजाशी तो बरोबरीने स्पर्धा करू शकतो.

२९ जुलै १९४८. वेम्बलीच्या स्टेडियमवर राजे सहावे जॉर्ज ऑलिम्पिकचं उद्घाटन करत होते. त्याच दिवशी तिथून पन्नासेक किलोमीटरवर, स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर सोळा तिरंदाज खुर्च्यांत बसून स्पर्धेत उतरले. चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया. दोन संघ होते, एक स्टोक मँडेविलचा आणि दुसरा रिचमंडच्या स्टार अँड गार्टर या जायबंदी सैनिकांच्या निवासाचा. पाहुणा संघ जिंकला. पुढल्या वर्षी सहा रुग्णालयांतून सदतीस स्पर्धक आले आणि गुटमान यांनी जाहीर भाषणात सांगून टाकलं, की या खेळांना एक दिवस ऑलिम्पिकसारखी प्रतिष्ठा मिळेल. सदतीस खेळाडूंच्या बळावर हे बोलणं म्हणजे केवढा विश्वास!

१९५२ साली हॉलंडहून डोर्न इथल्या पुनर्वसन केंद्राचा संघ आला आणि खेळ आंतरराष्ट्रीय झाले. स्पर्धकांची संख्या १३० झाली. १९५२ म्हटलं की आपल्याला हेलसिंकी आठवतं, कारण कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथे कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये लिस हार्टेल ही डॅनिश घोडेस्वार ड्रेसाजमध्ये रौप्यपदक जिंकून गेली, ही गोष्ट आपल्याकडे कमी माहीत आहे. १९४४ साली गरोदर असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालची ताकद गेली. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला मदत लागे. एकदा खोगिरावर बसली की मात्र तिचा आणि घोड्याचा व्यवहार दोघांतच होता. त्या वर्षी पहिल्यांदाच स्त्रियांना या प्रकारात पुरुषांबरोबर उतरता आलं होतं. सुवर्णविजेत्या हेन्री सें सिर यांनी तिला विजयमंचावर चढायला हात दिला. हार्टेल वेगळ्या गटात खेळली नाही. हंगेरीचा नेमबाज कारोली ताकाच हाही नाही. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ अशी दोन्ही सुवर्णपदकं त्याने नेली. सेंट लुईसच्या १९०४ च्या ऑलिम्पिकमध्ये तर लाकडी पाय लावलेल्या जॉर्ज आयझरने जिम्नॅस्टिक्समध्ये एका दिवसात सहा पदकं मिळवली होती. अशी माणसं एकेकटी होती. त्यांच्यासाठी दार उघडलेलं नव्हतं, त्यांनी ते आपल्यापुरतं उघडलं. गुटमान यांच्या कामाचं मोल इथे कळतं. एकेकट्याच्या असामान्यपणावर विसंबून न राहता सामान्य माणसाला खेळता येईल अशी व्यवस्था त्यांनी उभी केली.

१९६० साली हे खेळ पहिल्यांदा स्टोक मँडेविलच्या बाहेर पडून ऑलिम्पिकच्या शहरात, रोममध्ये गेले. अंतोनियो माल्यो या इटालियन डॉक्टरांनी पुढाकार घेतला. ऑलिम्पिक संपल्यावर आठवडाभराने, १८ सप्टेंबरला, २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. राहायला क्रीडाग्रामातल्या लिफ्टच्या इमारती मिळायच्या होत्या, मिळाल्या मात्र खांबांवर उभारलेल्या, जिन्यांच्या. इटालियन सैनिकांनी खेळाडूंना खुर्च्यांसकट रोज वर-खाली उचलून नेलं. ज्या व्यवस्थेने खेळाडूला बोलावलं, तिला त्याच्या खुर्चीचा विसर पडला होता. हे फक्त १९६० साली आणि फक्त रोममध्ये घडलं असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

तिथे ब्रिटनला पहिलं सुवर्ण मिळवून देणारी मार्गारेट मॉन ही तिरंदाज वर्षभरापूर्वीच आफ्रिकेतल्या न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, मोटार अपघातात जखमी झाली होती. आपण जिंकलो हेही तिला ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये बसली असताना माणसं तिला शोधत आली आणि पदक घ्यायला घेऊन गेली. लंडनमध्ये २०१२ साली या खेळांची ज्योत पेटवण्याचा मान तिलाच मिळाला.

रोमचीच आणखी एक आठवण, ऑलिम्पिकमधली. १९२८ साली स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाली. ती पाहून, एवढं अंतर स्त्रीच्या शरीराला सोसत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला आणि दोनशे मीटरच्या पुढच्या शर्यती तिच्यासाठी बंद झाल्या. आठशे मीटर परत आली ती बत्तीस वर्षांनी, १९६० च्या रोममध्ये. दुसऱ्याच्या शरीराची मर्यादा बाहेरून आखून देण्याची सवय किती जुनी आणि किती सर्वत्र आहे, ते यावरून दिसतं.

आता टोकियो. युताका नाकामुरा हे ओइताचे अस्थितज्ज्ञ. १९६० साली ते स्टोक मँडेविलला गेले, काम पाहिलं आणि परतल्यावर १९६१ मध्ये ओइतात अपंगांचा क्रीडामेळावा भरवला. लोकांनी टीका केली की रुग्णांचं प्रदर्शन मांडलं आहे. ते मागे हटले नाहीत. १९६४ मध्ये टोकियोत २१ देशांचे खेळाडू आले, युवराज अकिहितो आणि युवराज्ञी मिचिको यांनी खेळांकडे आस्थेने लक्ष दिलं. पण त्या स्पर्धेत जपानी मनावर खरा परिणाम झाला तो पाहुण्यांच्या दैनंदिन जगण्याचा. जपानचे बरेचसे खेळाडू रुग्णालयांतून आणि आश्रयगृहांतून आणलेले होते. पाश्चात्त्य खेळाडूंना नोकऱ्या होत्या, संसार होते, ते स्वतःची मोटार चालवत. स्पर्धा संपल्यावर संध्याकाळी ते हसतखेळत शहरात फिरायला जात. हा फरक नाकामुरांना झोंबला. पुढच्याच वर्षी बेप्पूला त्यांनी ‘तायो नो इए’, म्हणजे सूर्याचं घर, ही संस्था काढली. अपंगांना दान नको, काम हवं, हे तिचं सूत्र. शर्यतीतून कारखाना निघाला.

अमेरिकेतली गोष्ट याच्या आधीची, पण एक पाऊल पुढची आहे. तिथे १९४६ पासून लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिक बास्केटबॉल खेळू लागले होते. १९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग इथल्या शाखेत टिम न्यूजंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला, खुर्चीतल्या बास्केटबॉलचा संघ बांधला आणि १९४९ साली तिथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पण त्याच वर्षी ती शाखा बंद करायचा निर्णय झाला. विद्यार्थी गाड्या काढून राज्याच्या राजधानीत गेले आणि त्यांनी निदर्शनं केली. पुढे त्यांना मुख्य विद्यापीठात जागा मिळाली. स्टोक मँडेविलमध्ये खेळणारा माणूस डॉक्टरांचा रुग्ण होता. इथे तो विद्यार्थी होता, नागरिक होता. त्यामुळे तो भांडू शकला.

गुटमान यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे आणि तरीही इथे एक गोष्ट बोलायला हवी. त्यांचा कारभार वडीलधाऱ्याचा होता. रुग्ण त्यांना ‘पॉपा’ म्हणत. कोण कुठल्या गटात खेळणार, हे मणक्याच्या कितव्या पातळीवर इजा झाली यावरून डॉक्टर ठरवत. अंध आणि हातपाय गमावलेल्या खेळाडूंना या खेळांत जागा मिळायला १९७६ चं टोरांटो उजाडावं लागलं. साठ मीटरची शर्यत याच वातावरणातली. रुग्णाला मृत्यूकडून ओढून आणणाऱ्या माणसाला त्याच्याविषयी भीती वाटत राहणं मी समजू शकतो. पण ती भीती खेळाडूच्या पायात, खरं तर त्याच्या चाकात, अडसर बनली.

तो अडसर काढला खेळाडूंनीच. रुग्णालयाच्या जडशीळ खुर्च्या त्यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये कापल्या, हलक्या केल्या, चाकं बदलली. १९७५ साली बॉब हॉल या पोलिओग्रस्त तरुणाने बोस्टन मॅरेथॉनच्या आयोजकांकडे खुर्चीतून भाग घ्यायची परवानगी मागितली. उत्तर मिळालं, तीन तासांच्या आत पूर्ण केलीस तर प्रमाणपत्र देऊ. त्याने बेचाळीस किलोमीटरचं अंतर २ तास ५८ मिनिटांत कापलं. टोकियोच्या साठ मीटरला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

भारत या इतिहासात आला १९६८ साली. मेक्सिकोने यजमानपद नाकारलं म्हणून ते खेळ तेल अविवला भरले आणि भारताचा संघ पहिल्यांदा गेला. त्यात सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर होते, लष्कराच्या ईएमई दलातले जवान आणि मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक कण्यात. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. तेल अविवला ते टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी हायडेलबर्गला गेले ते पोहायला. या प्रवासांसाठी पैसा उभा करताना क्रिकेटचे थोर फलंदाज विजय मर्चंट यांचा मोठा आधार मिळाला, हे इथे मुद्दाम नोंदवतो. खेळाडूने खेळाडूसाठी केलेलं हे काम आहे.

हायडेलबर्गविषयी थोडं. यजमानपद खरं म्युनिकचं होतं, पण ऑलिम्पिकचं क्रीडाग्राम लगेच राहण्याच्या सदनिका म्हणून द्यायचं होतं, म्हणून हे खेळ दुसऱ्या शहरात हलवले गेले. ज्या देशाने गुटमान यांना घालवलं, त्या देशात त्यांनी उभे केलेले खेळ १९७२ च्या ऑगस्टमध्ये भरले. तिथे पेटकरांनी पन्नास मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून सुवर्ण जिंकलं. भालाफेक आणि स्लालम, म्हणजे अडथळ्यांतून खुर्ची वळवत नेण्याची शर्यत, यांच्या अंतिम फेरीतही ते पोचले. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ साली. पेटकरांचं सुवर्ण त्याच्या छत्तीस वर्षं आधीचं.

आणि आपण काय केलं? पद्मश्री २०१८ साली दिली, सुवर्णानंतर सेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कारांतला जीवनगौरव २०२४ सालचा. मधल्या काळात एका पिढीला हे नाव शाळेच्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

१९८४ च्या खेळांत भारताने चार पदकं मिळवली. भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य, जोगिंदरसिंग बेदी यांनी गोळाफेकीत रौप्य आणि भाला व थाळीफेकीत कांस्य. त्यानंतर थेट २००४ पर्यंत एकही पदक नाही. वीस वर्षं! माझ्या मते याचं कारण आपल्या सुरुवातीतच आहे. खेळाकडे येण्याची आपली पहिली वाट लष्करी रुग्णालयातून गेली. पुण्याजवळच्या खडकीची, १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट जखमी जवानांना हुन्नर शिकवत आली, १९७४ पासून खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. जवानाला निदान एवढी वाट होती. झाडावरून पडून कणा मोडलेल्या शेतमजुराला, पोलिओ झालेल्या खेड्यातल्या मुलीला ती नव्हती. गेल्सबर्गच्या विद्यार्थ्यांना मिळालं तसं महाविद्यालय, तिथलं मैदान, तिथला प्रशिक्षक आपण त्यांना दिला नाही.

ते चित्र आता थोडं बदलतं आहे. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत गोळाफेकीचं रौप्य जिंकणारे सचिन खिलारी हेही सांगली जिल्ह्याचेच, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे. लहानपणीच्या सायकल अपघातात त्यांचा हात अधू झाला. ते युद्धातून आले नाहीत आणि वॉर्डातूनही आले नाहीत; अभियांत्रिकी शिकता शिकता मैदानावर आले. पेटकर आणि खिलारी यांच्यामध्ये बावन्न वर्षं आहेत आणि अंतर एका जिल्ह्याचंही नाही. तरीही आपल्या बहुतेक तालुक्यांतल्या क्रीडासंकुलांत चाकाची खुर्ची घेऊन जा. धावपट्टीपर्यंत पोचण्याआधी पायऱ्या लागतील, पोहण्याच्या तलावात उतरायला उतार नसेल, आणि कार्यालयातला माणूस काळजीच्या सुरात म्हणेल, तुम्हाला झेपणार नाही हो. पुढच्या महिन्यात जिल्हा क्रीडा परिषदेची बैठक आहे. या सभागृहात तिचे दोन सदस्य बसलेले मला दिसत आहेत. उतारांचा आणि तलावाच्या शिडीचा विषय त्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर यावा, आणि तो मांडताना जिल्ह्यातल्या दिव्यांग खेळाडूंना बोलावून त्यांचं ऐकून घ्यावं, एवढी विनंती करून मी थांबतो.